पटांक सतरा

माझा नवरा ज्या तऱ्हेनं मेला, ती तऱ्हा दोनशे बारा माणसांपैकी एकशे शहात्तर जणांना पटली नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही. सिनेमा संपल्यावर पडद्याशेजारच्या पाटीवर आकडाच लागला होता. पटांक सतरा. म्हणजे शंभरातल्या सतरा जणांना शेवट खरा वाटला, बाकीच्यांना थाप वाटली.

कोल्हापुरातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी चाचणीचा खेळ होता. सिनेमाचं नाव ‘चालू लाईन’. सगळ्या प्रेक्षकांच्या कपाळाला करड्या रंगाचे पट्टे बांधले होते. मला दिला नव्हता. "ताई, ही तुमचीच गोष्ट. तुमचं मत मोजण्यात काही अर्थ नाही," असं दिग्दर्शक ऋत्विज साने म्हणाला होता. पुण्याचा मुलगा, दाढी ठेवलेला, बोलायला गोड. मला त्याचं म्हणणं तेव्हा बरोबर वाटलं.

पट्ट्याविषयी थोडं सांगते. मी आयुष्यभर वीज खात्यात उपकेंद्राची यंत्रचालक होते, तेव्हा यंत्र कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माणूस काही ऐकतो किंवा बघतो तेव्हा मेंदू ते आधी खरंच धरतो. खरं धरायला त्याला काही कष्ट पडत नाहीत. नाकारणं हे मागाहूनचं, वेगळं काम आहे. ते कपाळामागच्या भागात होतं, आणि काम म्हटलं की रक्त जास्त लागतं. पट्ट्यातून डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश कपाळाच्या हाडातून आत जातो आणि परत येतो, त्यावरून तिथलं रक्त किती वाढलं ते कळतं. रक्त वाढलं नाही तर दिवा हिरवा, वाढलं तर लाल. यंत्र एवढंच करतं. समोरचं खरं की खोटं, हे त्याला कळत नाही. बघणारा मनातून ते ढकलतोय की नाही, एवढंच कळतं. हा फरक पट्ट्याच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि बारीक अक्षर कोण वाचतं?

पाच-सहा वर्षांत या पट्ट्यानं सगळं बदललं. पटांक साठच्या खाली असला तर सिनेमाला थिएटर मिळत नाही. वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांना पट्टे बांधतात. वकील अशिलाची गोष्ट आधी चार लोकांपुढे लावून बघतात आणि मग जबाब लिहितात. स्थळ बघायला जाणारेसुद्धा खिशात पट्टा घेऊन जातात म्हणे. लोकांना बरं वाटलं. कुणावर विश्वास ठेवायचा हे आपलं आपण ठरवायचा ताप गेला.

आता जे घडलं ते सांगते, म्हणजे त्या एकशे शहात्तर जणांना काय पटलं नाही ते कळेल.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नवरा भरतेश मगदूम वायरमन होता, आणि आमच्याच भागातल्या उपकेंद्रात मी. खांबावर चढण्याआधी वायरमन उपकेंद्रातून परमिट घेतो. अमुक लाईन बंद ठेवा, माणसं वर आहेत, असा तो कागद. काम संपलं की वायरमन येऊन त्यावर सही करतो, मगच लाईन चालू करायची. नियम एवढा सरळ आहे.

भादव्यात आमचं पर्व चालू होतं. या दहा दिवसांत आम्ही जैन लोक कंदमूळ खात नाही, म्हणजे कांदा, बटाटा सगळं बंद. भरतेशनं स्टँडवर उभं राहून बटाटेवडा खाल्ला. कुणीतरी येऊन सासूबाईंना सांगितलं, आणि सासूबाई मला बोलल्या, "तुझं घरात लक्षच न्हाई. लक्ष असतं तर तो भाईर खाल्ला असता का?" खाल्लं त्यानं, बोलणी मला. मी त्याच्याशी अबोला धरला. क्षमावाणी चार दिवसांवर होती. पर्व संपलं की त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. आमच्या घरातली वर्षाची भांडणं त्याच दिवशी मिटायची, त्यामुळे आधीचे दोन-चार दिवस मुद्दाम मिटवायला कुणी जात नसे. रुसायची जणू सवलतच. मीही म्हटलं, आता क्षमावाणीलाच बोलू.

त्या सकाळी तो उपकेंद्रात आला, परमिटचा कागद स्वतः लिहिला, टेबलावर ठेवला, घड्याळातल्या अकरावर बोट ठेवलं आणि गेला. एक शब्द नाही. मी लाईन बंद केली. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. पाणीपुरवठ्याच्या पंपावरून फोनवर फोन यायला लागले. मी खिडकीतून बघितलं तर फाटकाशी त्याची मोटरसायकल उभी. म्हणजे काम उरकून आला आणि रुसलाय म्हणून आत येत नाही, असं मी धरलं. सही घ्यायला बाहेर जायचं म्हणजे आधी मी बोलायचं. फोन केला तरी आधी मीच बोलायचं. मी म्हटलं, बस तिथंच उन्हात. आणि लाईन चालू केली.

मोटरसायकल दत्ता माने घेऊन आले होते. त्याच्याबरोबर काम करणारे जुने वायरमन. वर तार कमी पडली म्हणून त्यांना उपकेंद्रामागच्या स्टोअरला पाठवून भरतेश खांबावरच थांबला होता.

चौकशी झाली, मी दोषी ठरले, दीड वर्ष निलंबित होते. ते योग्यच झालं. मी कधी नाही म्हटलं नाही. पण हे सगळं असं, या क्रमानं, मला कुणाला सांगताच आलं नाही. सांगायला लागले की लोक म्हणायचे, जाऊ द्या वहिनी, जुनं कशाला उकरायचं. मुलगी श्रुतिका तेव्हा सात वर्षांची होती. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी बोलले नाही. ऋत्विज साने दारात आला तेव्हा मी एका बैठकीत हो म्हटलं ते एवढ्याचसाठी. पडद्यावर बघून एका माणसाला कळलं की बास. बाकी महाराष्ट्राशी मला काही देणंघेणं नव्हतं.

खेळ संपल्यावर चर्चा होती. ऋत्विज माईक घेऊन उभा राहिला. "शेवट कुठं खटकला? मोकळेपणानं बोला."

पहिले उठले ते एक निवृत्त मास्तर. "बाई शिकलेली दाखवलीय. वीस वर्षांची नोकरी दाखवलीय. आणि नुसती गाडी दिसली म्हणून बटण दाबते? लेखकाला शेवट सुचला न्हाई, म्हणून बिचाऱ्या नवऱ्याला मारला."

लोक हसले.

"मी सांगू का?" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. "माझे मिस्टर दूध आणायला जाऊन पाच मिनिटं जास्त झाली तरी मी तीन फोन करते. ही बाई एक फोन करत न्हाई? कुठली बायको आहे असली?"

"आणि बटाटेवडा काय हो!" मागून एक तरुण ओरडला. "माणूस बटाटेवड्यावरून मरतोय होय? इनोदी पिच्चर हाय का दुःखी, ते तरी ठरवा."

आता थिएटरभर हशा. मलाही क्षणभर हसू आलं, खोटं कशाला सांगू. भरतेश तिथं असता तर तोच सगळ्यात मोठ्यानं हसला असता.

एका पोरीनं मात्र हात वर केला. "मला पटलं. माझ्या आजीनं बहिणीशी नऊ वर्षं अबोला धरला होता, कशावरून ते दोघींनाही आठवत नव्हतं." मास्तर तिच्याकडे वळून म्हणाले, "अबोला निराळा आणि जीव घेणं निराळं, बाळ." पोरगी खाली बसली. तिच्या पट्ट्यावरचा दिवा हळूहळू लाल झाला. मास्तरांचं म्हणणं ऐकून तिला आता आपलं स्वतःचंच पटेना की काय, कोण जाणे.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. "ती बाई मी आहे," मी म्हटलं. "हे असंच घडलंय. फोन केला नाही, कारण मी रुसले होते. चार दिवसांनी क्षमावाणीला बोलणार होते."

मग ती तीन फोन करणारी बाई शेजारणीला म्हणाली, आणि मला ऐकू गेलं, "बसवलेली दिसतीय. हल्ली करतात असं." पाटीवरचा आकडा माझ्या देखत सतराचा चौदा झाला.

महिन्याभरानं ऋत्विज घरी आला. पोहे खाल्ले, पाणी प्यायला, आणि मग बोलला. "ताई, नवा शेवट तयार आहे. संगणकानं चाळीस शेवट करून दिले, त्याच कलाकारांचे चेहरे वापरून. लोकांपुढं लावून बघितले. एकाचा पटांक एक्याण्णव आला."

"काय आहे त्यात?"

त्यानं बशी उगाच सरळ केली. "ती मुद्दाम करते. तिचं खात्यातल्या इंजिनीअरशी... म्हणजे संबंध असतात. नवरा वर आहे हे तिला माहीत असतं."

आमचे तेव्हाचे इंजिनीअर म्हणजे निवृत्तीला टेकलेले बेळंके साहेब. मधुमेह, दोन्ही गुडघे गेलेले, दुपारी खुर्चीतच डुलक्या काढायचे. मला राग यायच्या आधी तेच डोळ्यांपुढं आले.

"म्हणजे चुकून मारलं हे पटत नाही, आणि ठरवून मारलं हे पटतं?"

"ठरवून मारण्यामागं कारण असतं, ताई. चुकीमागं नसतं. मेंदूला कारण लागतं."

"मला कारण होतं की. बटाटेवडा."

"तेवढं पुरत नाही लोकांना," तो खाली मान घालून म्हणाला. "कारण मरणाएवढं मोठं लागतं." करारात एक कलम होतं, नाट्यपूर्णतेसाठी बदल करण्याचा हक्क. मी त्यावर सही केली होती. नावं बदललीयत, गाव बदललंय, कुणी तुमच्याशी जोडणार नाही, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. जाताना मूळ शेवटाची एक प्रत माझ्या हातात ठेवली आणि पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला नाही.

सिनेमा चालला. उत्तम चालला. नावं बदलून काय होतं? आमच्या तालुक्यात खांबावर मेलेला वायरमन आणि उपकेंद्रातली त्याची बायको अशी एकच जोडी होती. दळणाच्या गिरणीत बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबायच्या. देवळात माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग दत्ता माने आले. खरं काय घडलं याला सगळ्या जगात एकच साक्षीदार, तो हा माणूस. सोळा वर्षं माझ्या दारात येऊन खाली बघून बसायचे. "वहिनी, मी गाडी आत लावली असती तर," एवढंच म्हणायचे आणि चहा न पिता जायचे. त्या दिवशी चहा प्यायले. दोन बिस्किटंही खाल्ली.

"वहिनी, पिच्चर बघितला. त्यात माझी गाडीच न्हाई वो."

"काढून टाकलीय."

"व्हय. बघितल्यापासनं मला झोप लागाय लागली. खरं सांगतो." मग कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, तुमाला त्या दिवशी खरंच गाडी दिसली होती का?"

मला संताप आला, पण तो त्यांच्यावर काढवेना. सोळा वर्षांनी माणसाला झोप लागली होती. ती कुठल्या तोंडानं मोडायची? पण ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. आता हे खरं एकट्या माझ्याजवळ उरलं होतं.

शनिवारी दुपारी श्रुतिका पुण्याहून आली. तेवीस वर्षांची, माझ्याहून उंच, बापाचं नाक. तिचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी सिनेमा बघून तिला विचारलं होतं, "हे तुमच्या घरचं म्हणतात, ते खरं का गं?" ती सरळ बस पकडून इकडे आली होती.

जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून दोन पट्टे काढले. घरगुती वापरायचे, पुढं मुगाएवढा दिवा असलेले. आपला दिवा आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतो.

"आई, मी कधीच विचारलं नाही. आज विचारते. काय झालं होतं?" तिनं पट्टा स्वतःच्याच कपाळाला बांधला. "माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. दिवा बघ आणि बोल."

मी बोलले. वडा, सासूबाईंची बोलणी, अबोला, अकरावर ठेवलेलं बोट, पंपावरचे फोन, फाटकाशी मोटरसायकल. सोळा वर्षांत पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलले. तिच्या कपाळावरचा दिवा हिरवा होता. मोटरसायकलपाशी एकदा लुकलुकला, पण पुन्हा हिरवा झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दिवा हिरवा होता. मला त्या क्षणी वाटलं, झालं. महाराष्ट्र गेला खड्ड्यात. माझं काम झालं.

श्रुतिकानं डोळे पुसले. "आता तू बांध. मूळ शेवटाची प्रत आहे ना तुझ्याकडं? तू तो बघ, मी आलेख उतरवून घेते. होणाऱ्या सासरी दाखवते म्हणजे तोंडं बंद होतील सगळ्यांची. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला पटणार ते?"

मी यंत्राचं माणूस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मुलगी आपल्या बाजूनं उभी राहिली की आई विचार करत नाही. मी पट्टा बांधला.

टीव्हीवर उपकेंद्र आलं. खिडकी आली. मोटरसायकल दिसली. नटीनं हात पुढं केला, लाईन चालू केली. मग लांबून खांब दाखवला, आणि त्यावर वाकलेला, कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याला लोंबकळणारा माणूस. मी थिएटरात त्या क्षणी डोळे मिटले होते. आज मिटले नाहीत, श्रुतिका बघत होती म्हणून.

ती टीव्हीकडे बघतच नव्हती. माझ्या कपाळाकडे बघत होती.

"काय रंग?" मी विचारलं.

तिनं टीव्ही थांबवला. मग म्हणाली, "थांब. दुसरा शेवटपण बघू. तुलनेला लागतो." तिनं फोनवरून तो लावला. त्यात ती बाई खिडकीतून खांबाकडे बघते, नवरा वर आहे हे बघते, आणि ओठ घट्ट मिटून लाईन चालू करते. पटांक एक्याण्णव. सुरेख अभिनय.

श्रुतिकानं फोन माझ्यापुढं ठेवला. दोन आलेख होते. पहिला खांब दिसला तिथून शेवटपर्यंत लाल. दुसरा सगळा हिरवा.

"अगं, तसं नाही ते," मी म्हटलं. "पहिलं मला पटतच नाही. सोळा वर्षं झाली, अजून पटत नाही. फाटक वाजलं की वाटतं तोच आला. ते बघताना मी आतून ढकलत असते, नको, हे झालेलं नाही. यंत्र तेवढंच मोजतं. खरं-खोटं नाही मोजत ते."

"आणि दुसरं?"

"दुसरं... रोज उठून मी स्वतःला तेच म्हणते ना. तूच मारलंस त्याला. रोज म्हणते. त्यात नवीन काय ढकलायचं?"

ती ऐकत होती. तिचा पट्टा अजून कपाळावर होता, काढायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी जे सांगत होते त्याच्याइतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आणि मी बोलत होते तसतसा तिचा दिवा पिवळट झाला, मग नारिंगी, मग लाल.

माझी नजर कुठं आहे हे तिला कळलं. तिनं हात वर नेला, पट्टा सोडला, घडी करून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर, आई," ती म्हणाली.